नळाला बांधलेली तार

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. पुढचं जे काही शिकले ते स्टुलावर उभं राहून शिकले. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या घरांत मी कित्येक वर्षं विजेचं काम केलं, आणि त्यातलं निम्मं बाथरूममधलं होतं. ऐंशी सालानंतर मध्यमवर्गीय घरांतून गिझर यायला लागले. घरं जुनी, वायरिंग जुनं, आणि त्यावर हे नवीन धूड चढवायचं, हे माझं काम.

परवाना नवऱ्याचा होता. गोरेगावच्या एका स्टुडिओत दिवे टांगताना तो शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. हात डोक्याच्या वर जाईना, आणि आमच्या कामात अर्धा दिवस हात डोक्याच्या वरच असतो. मग तो खाली खुर्चीवर बसून सांगायचा आणि मी वर चढून करायचे. दोनेक वर्षांनी तो घरी बसूनच सांगायला लागला. त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. कागदावर नाव त्याचं राहिलं, स्क्रू मी पिळत राहिले. हे नियमात बसत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण त्या परवान्यावरच आमची चूल पेटत होती.

बाई असल्याचा फायदाही झाला. दुपारी घरात एकटी बाई असेल तर ती पुरुष मिस्त्रीला थेट बाथरूमपर्यंत येऊ देत नाही, संध्याकाळी या म्हणते. मला आत घ्यायच्या, वर चहा द्यायच्या. 'लाइटवाल्या बाई' हे माझं नाव पडलं, आणि नवऱ्याला लोक लाइटवाल्या बाईंचे मिस्टर म्हणायला लागले. त्याला ते आवडायचं नाही.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. अंधेरीला एका सासूबाईंनी सांगितलं, गिझरचा स्विच माझ्या खाटेपाशी काढा. सून आत गेली की किती गरम पाणी घेते ते त्यांना बघायचं होतं. सून माझ्या मागे स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तिथपर्यंत वायर पुरत नाही म्हणून सांगा ना." मी बाहेर येऊन सांगितलं, वायर पुरत नाही. पिशवीत चांगलं मोठं भेंडोळं होतं.

बोरिवलीला एक गृहस्थ होते, शिकलेले, बँकेत साहेब. गिझर लावला की त्यांचा फ्यूज उडायचा. फ्यूज म्हणजे एक बारीक तार. घरात जास्त करंट गेला की ती आधी जळते आणि घर वाचतं. या साहेबांनी ती वैतागून काढली आणि तिथे कपडे वाळत घालायची जाड तार पिळून टाकली. मग फ्यूज उडायचा बंद झाला, आणि महिन्याने भिंतीतली वायर जळून सगळ्या घरभर वास. मला म्हणाले, "बाई, तुमच्या गिझरमुळे झालं." मी म्हटलं, "पहारेकऱ्याला तुम्ही बांधून ठेवलंत, आणि चोराला माझं नाव सांगताय." ते हसले नाहीत. पुन्हा बोलावलंही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

मुलुंडला एका चार मजली सोसायटीत वैद्यकाकू राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर. यजमान वारलेले, एकुलता एक मुलगा सुहास मस्कतला. काकूंना संधिवात होता, बोटं वाकडी झालेली. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवून पातेलं उचलून बाथरूमपर्यंत न्यायच्या. एकदा ते हातातून सुटलं आणि पाय भाजला. सुट्टीवर आलेल्या सुहासने तो पाय बघितला. पुढच्या सुट्टीला येताना त्याने तिकडून आईसाठी एक विजेचा शॉवर आणला. पांढरी पेटी भिंतीवर लावायची, एका बाजूने गार पाणी आत, दुसऱ्या बाजूने लगेच गरम पाणी बाहेर. टाकी नाही, तापायची वाट बघणं नाही. मी असलं पहिल्यांदाच बघत होते.

मी पिशवी घेऊन गेले तर सुहासने माझ्या मागे जिन्यात बघितलं. "मिस्त्री मागून येतायत का?"

"मिस्त्रीच आलाय. स्टूल द्या."

काकू आतून म्हणाल्या, "अरे, याच त्या. गोखल्यांचा पंखा यांनीच केला."

मी पेटी उघडून बघितली आणि म्हटलं, "हे या घरात चालणार नाही."

"का? नवीन आहे. सील मी स्वतः फोडलंय."

"वस्तू चांगली आहे. घर बारीक आहे." मी त्याला मीटरपाशी नेलं. लाकडी पट्टीवरून गेलेली ॲल्युमिनियमची बारीक वायर दाखवली. दिवे, पंखे, एक इस्त्री, एवढ्यासाठी ती घातलेली. हा शॉवर एकटाच त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढणार. लाइट ऑफिसकडून जास्त लोड मंजूर करून घ्यायला महिने लागतात.

"मी बारा दिवसांत परत चाललोय, बाई."

"मग परत घेऊन जा."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, तो एवढं उचलून घेऊन आलाय. एकदम नाही म्हणू नका. काहीतरी करा ना."

त्या बोटांकडे मी बघितलं. पेटी पुन्हा उघडली. आत पाणी तापवणाऱ्या दोन कॉइल होत्या. एका बटणाने एक चालू व्हायची, दुसऱ्याने दोन्ही. पेटी विलायतेत बनलेली, तिथे थंडीत पाणी बर्फासारखं येत असेल, म्हणून दोन. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी डिसेंबर सोडला तर मुळातच कोमट असतं. मी एक कॉइल कायमची तोडून टाकली. लोड निम्म्यावर आला, म्हणजे साध्या गिझरएवढा. मग खालच्या मीटरच्या खोलीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तांब्याची जाड वायर वेगळी ओढली, तिला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःचा मेन स्विच दिला. जुन्या वायरिंगला हातसुद्धा लावला नाही. सुहास दोन दिवस माझ्या मागे उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "ही पेटी आजच बघितली, कोण शिकवणार?" त्या कामाचा मला अजून अभिमान आहे. तेवढ्या भागाचा.

राहिलं अर्थिंग. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. विजेच्या दोन तारा कामाच्या. तिसरी तार काही करत नाही, नुसती बसून असते. पण यंत्राच्या आत काही फुटलं आणि करंट बाहेरच्या पत्र्यात उतरला, तर ही तिसरी तार तो जमिनीत नेते. एकदम खूप करंट जातो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. काकू एकट्या राहणार होत्या. आतून कडी लावून, ओल्या अंगाने, एकट्या. काही झालं असतं तर दार फोडायलाही कोणी नव्हतं. त्या घरात सगळ्यात महत्त्वाची तार हीच होती.

ती जमिनीत न्यायची तर खाली खड्डा हवा. माणूसभर खोल खणायचं, त्यात धातूची पाटी पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, ओल टिकून राहावी म्हणून वरून पाणी सोडायला नळी ठेवायची. त्या इमारतीत असा खड्डा नव्हता. बांधणाऱ्याने केलाच नव्हता. मी सेक्रेटरींना भेटले.

"खड्डा?" ते म्हणाले. "आवारात आत्ताच नवी फरशी घातलीय, बाई. एका शॉवरसाठी फोडू? बाकीच्यांचे गिझर कसे चालतात?"

बाकीच्यांचे कसे चालतात ते मला चांगलं ठाऊक होतं. अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळायची. पाइप शेवटी जमिनीत जातोच. मला नवऱ्याने हेच शिकवलं, त्याला त्याच्या मिस्त्रीने. मुंबईत ज्याच्या-त्याच्या बाथरूममध्ये हेच होतं. नियमात नाही, पण चालतं. त्या इमारतीतले दोन-तीन गिझर मीच तसे लावले होते.

मी तपासल्याशिवाय बांधलं नाही, हेही सांगते. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन तारा सोडलेला साधा बल्ब. एक तार करंटला लावली, दुसरी पाइपला. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे पाइप जमिनीपर्यंत धड पोचत होता. गच्चीवरच्या टाकीतून निघून सगळ्या मजल्यांवरून उतरत तो खाली बागेच्या नळाशी जमिनीत शिरत होता. मी पाइप घासून चकचकीत केला, पट्टी आवळली, तार बसवली.

खड्ड्याशिवाय लावणार नाही, एवढं मला म्हणता आलं असतं. सुहासला विमान गाठायचं होतं, काकूंना मुलाचं मन राखायचं होतं, सेक्रेटरींना फरशी राखायची होती. आणि मला काम सोडायचं नव्हतं. कारणं पुष्कळ होती, पण हो मी म्हटलं.

काकूंना शॉवर फार आवडला. वरून धार अंगावर घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्या आपल्या लाकडी पाटावर बसून, शॉवरची नळी हातात धरून अंघोळ करायच्या. रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "मी अगदी राणी झालेय हो."

पाच-सहा महिन्यांनी सोसायटीतला एक माणूस सकाळी आमच्या चाळीत आला. नळाला करंट येतोय, लवकर चला. चौथ्या मजल्यावर, काकूंच्या बरोबर वर, जयाबेन राहायच्या. त्या ओल्या लादीवर अनवाणी उभ्या राहून नळ सोडायला गेल्या आणि फेकल्या गेल्या. हात मनगटात मोडला.

मी पोचले तेव्हा त्यांचा हात फळीला बांधून झाला होता आणि त्या दवाखान्यात निघाल्या होत्या. चेहरा पांढराफटक. मला म्हणाल्या, "मी तो नळ फक्त अडकला. कोणी ओढून मारला असा वाटला." अडकला म्हणजे त्यांच्या गुजरातीत हात लावला.

मी सगळ्यांना मेन बंद करायला लावलं. मग एकेक घर चालू करत गेले. वैद्यकाकूंचा शॉवर चालू केला तेव्हा पाइपवर टेस्टर पेटला. पेटी उघडली. टाकीतला गाळ बसून कॉइल करपली होती, तिला भेग गेली होती. कॉइल कधी तरी फुटतेच. तिसरी तार त्यासाठीच असते. मग फ्यूज का उडाला नाही? मी तोच टेस्ट लॅम्प काढून पुन्हा पाइपला लावला. बल्ब पेटेना.

पाइपच्या मागोमाग खाली उतरत गेले. पहिल्या मजल्याखाली लोखंडी पाइप संपला होता आणि तिथून बागेपर्यंत राखी रंगाचा नवा प्लास्टिकचा पाइप होता. गंजलेला तुकडा पंधरा दिवसांपूर्वी बदलला होता. काम आमच्या गावाकडच्या गावड्याचं, चांगला प्लंबर. म्हणजे वरचा सगळा लोखंडी पाइप अधांतरी लटकत होता. मी बांधलेल्या तारेने काकूंच्या शॉवरमधला करंट पाइपात सोडला, पाइपने तो पुढे कुठेच नेला नाही. वर-खालच्या प्रत्येक नळात तो वाट बघत बसला. माझी तार नसती तर करंट त्या पेटीपुरता राहिला असता. मी तो शेजारणीच्या घरी पोचवला.

मी वर जाऊन काकूंना विचारलं, "तुम्हाला काही जाणवलं नाही?"

त्या अंथरुणावर बसल्या होत्या. "दोन दिवस हाताला मुंग्या येत होत्या अंघोळीच्या वेळी. मला वाटलं, संधिवातच वाढलाय."

"सांगायचं ना कोणाला तरी."

"सुहासने एवढ्या हौसेने लावून दिलाय. कसं सांगायचं?"

त्या पाटावर बसून अंघोळ करत होत्या, पाय लादीला लावत नव्हत्या. लाकडातून करंट जमिनीत उतरत नाही, म्हणून त्या वाचल्या. दुसरं काहीही त्यांच्या मदतीला नव्हतं. मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले.

संध्याकाळी आवारात सगळे जमले. जयाबेनचे यजमान गावड्याच्या अंगावर धावून गेले. सेक्रेटरी म्हणाले, प्लास्टिक घालायला कोणी सांगितलं होतं? गावडे घाबरला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "गो वहिनी, माका काय ठावक, पायपाक तार बांधलेली आसा ती? माझो पायप पाण्याचो."

त्याचं बरोबर होतं. पाइप पाण्याचा होता. त्याने तो चांगला बसवला होता, एक थेंब गळत नव्हता.

नवरा माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझं कोपर दाबलं. गप्प बस, असा त्याचा अर्थ. मी काही बोलले नसते तर गावड्यावर सगळं गेलं असतं, आणि आमचा परवाना वाचला असता. पाच मिनिटं गप्प राहायचं होतं, एवढंच.

मी म्हटलं, "त्याला सोडा. तार मी बांधलीय. पाइपला बांधायची नसते. मला माहीत होतं."

सगळे माझ्याकडे वळले. जयाबेनचे यजमान म्हणाले, "माहीत होता? माहीत असून बांधला?"

"हो."

"मी पोलिसात जाणार. तुमचा लायसन घालवणार."

"जा. पण आधी तुमच्या गिझरची तार बघून या. तीही पाइपलाच आहे. ती दुसऱ्याने बांधलीय, पण पाइप तोच."

ते वर जाऊन बघून आले. मग एकेक जण आपापल्या घरी जाऊन बघून यायला लागला. सगळीकडे तेच निघालं. जयाबेन प्लास्टरचा हात घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या घरी पण असाच आहे?"

"माझ्या घरी गिझर नाही, जयाबेन. बाथरूम पण नाही."

तक्रार झाली नाही. माझी दया आली म्हणून नव्हे. तपासणीला साहेब आला असता तर सगळ्या इमारतीची वीज तोडून गेला असता, हे सेक्रेटरींना कळलं. मी खरं बोलले म्हणून वाचले, असं कोणी समजू नये. सगळेच अडकले होते म्हणून वाचले.

आठवड्याने ती नवी फरशी फुटली. खड्डा खणला, पाटी पुरली, कोळसा-मीठ भरलं. तिथून प्रत्येक मजल्यावर अर्थची तार नेली आणि पाइपवरच्या सगळ्या तारा मी स्वतःच्या हाताने कापल्या. नवरा माझ्याशी बोलत नव्हता, पण त्या दिवशी आला आणि खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. मीठ टाकणाऱ्या गड्याला म्हणाला, "अजून टाक. हात आखडू नको." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी शिकवलं तुला. माझं नाव पण घ्यायचं होतंस."

"परवान्यावर आहे की तुझं नाव," मी म्हटलं.

काकूंनी शॉवर पुन्हा लावून घेतला नाही. मी दुरुस्त करून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "भीती नाही हो वाटत. पण राहू दे." सुहासला त्यांनी पत्रात काहीच कळवलं नाही, शॉवर झकास चाललाय असंच लिहीत राहिल्या. पाणी पुन्हा गॅसवर. मी त्यांना दोन कानांचं लहान पातेलं आणून दिलं. त्याहून जास्त मला काही करता आलं नाही.

खरं काम त्यानंतर होतं. एवढ्या वर्षांत किती पाइपांना मी तारा गुंडाळल्या होत्या? वही आम्ही ठेवली नव्हती. मी आठवेल तशी घरं शोधत निघाले. नवरा म्हणाला, "घरोघरी जाऊन आपणच आपलं काम वाईट म्हणून सांगणार? मग बोलावेल कोण?" त्याचं खरं होतं, बोलावणी कमी झाली. काही बायकांनी तार काढून घेतली. खड्डा नसेल तर गिझर बंद ठेवा म्हटलं तेव्हा त्यांचे चेहरे उतरले. घाटकोपरला एकीने दारातूनच सांगितलं, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला अपशकुन करताय?" आणि दार लावून घेतलं. मी दुसऱ्यांदा गेले, तिने उघडलं नाही.

पुष्कळ घरं सापडलीच नाहीत. मला बाथरूम आठवतात, पत्ते आठवत नाहीत. हिरव्या फरश्यांचं एक, खिडकीत कोरफड ठेवलेलं एक, छत इतकं खाली की मान वाकडी करून काम केलं ते एक. माणसं बदलली असतील, घरं विकली गेली असतील. गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे घालणं तेव्हापासून सगळीकडे चालू आहे.

तर हे वाचून झालं की बाथरूममध्ये जा. कशालाही हात लावू नका, नुसतं बघा. गिझरपासून निघालेली उघडी तार नळाच्या पाइपला गुंडाळलेली दिसली, तर गिझर बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. पट्टी नीट आवळलेली असेल आणि तिच्याखालचा पाइप घासून साफ केलेला असेल, तर ते काम बहुतेक माझं आहे.